कुलान गाथ न्यूयॉर्कला कसा पोहोचला

चि. मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मसुदा गेल्या आठवड्यात पोहोचला. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने आणि दुसऱ्यांदा हातात तांबडी पेन्सिल घेऊन, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्सला काय दिले, हा विषय तू निवडलास याचा मला आनंद आहे. माझ्या पिढीने चांदोबातला वेताळ आणि इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ एकाच उशीखाली ठेवून वाचले, पण त्या दोन जगांचा एकमेकांशी काय संबंध असेल, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. तुला तो पडला, आणि म्हणूनच तुझ्याकडून थोडी अधिक कडक अपेक्षा ठेवण्याचा हक्क मी घेतो आहे.

आधी एक किरकोळ गोष्ट. 'अद्भुतरम्य' हा शब्द आपल्याकडे मुक्तामाला (१८६१) किंवा मंजुघोषा (१८६८) अशा कादंबऱ्यांसाठी रुळलेला आहे आणि इंग्रजीत ज्याला फँटसी म्हणतात त्याला तो तंतोतंत बसत नाही. तरीही तोच वापर, कारण त्याहून बरा शब्द माझ्याकडेही नाही. मात्र पहिल्याच पानावर त्याचा अर्थ ठरवून टाक, म्हणजे पुढे वाचक हळबे यांच्या मुक्तामालेला हुडकत बसणार नाही.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या मसुद्याच्या तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे. डाव्या रकान्यात कादंबऱ्या, उजव्या रकान्यात कॉमिक्स आणि मध्ये बाण. बाण मी मोजले, बावीस भरले. त्यांतले सात-आठ टिकतील असे मला वाटते, बाकीचे तू स्वतःच खोडावेस अशी माझी इच्छा आहे. इकडे जादूची तलवार आहे आणि तिकडेही आहे, इकडे काळोखातला सम्राट आहे आणि तिकडेही आहे, एवढ्यावरून बाण काढता येत नाही. साम्य डोळ्यांना दिसते. प्रभाव दाखवायचा तर ते पुस्तक त्या लेखकाच्या टेबलावर कोणत्या वाटेने आले, ती वाट दाखवावी लागते. करारपत्र, उसने घेतलेले नाव, लेखकाची स्वतःची कबुली, प्रकाशनाची तारीख, यांपैकी काहीतरी हातात असल्याशिवाय बाण काढू नये.

अशी वाट सर्वांत स्वच्छ कुठे दिसते, तर कॉनन या रानटी योद्ध्याच्या बाबतीत. तू त्याला दीड परिच्छेद दिला आहेस. मी असतो तर निम्मा लेख दिला असता. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या लहानशा गावात राहणाऱ्या रॉबर्ट हॉवर्ड यांनी कॉनन निर्माण केला. डिसेंबर १९३२ च्या 'वीअर्ड टेल्स' या स्वस्त मासिकात त्याची पहिली कथा आली, आणि १९३६ मध्ये वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी हॉवर्ड यांचा अंत झाला. इथे तुझ्या शीर्षकातल्या 'कादंबरी' या शब्दाला छोटासा धक्का बसतो, कारण कॉननवर हॉवर्ड यांनी पुऱ्या लांबीची कादंबरी एकच लिहिली. बाकी सगळ्या कथा आणि दीर्घकथा. १९६६ पासून लॅन्सर या प्रकाशनाने त्या कथा एकत्र करून कागदी बांधणीच्या पुस्तकांच्या रूपाने आणल्या, वर फ्रँक फ्रझेटा यांची ती प्रसिद्ध मुखपृष्ठे चढवली, आणि मासिकांच्या रद्दीत गेलेला कॉनन पुस्तकांच्या दुकानातल्या फळीवर आला. कॉमिक्सवाल्यांनी तो तिथून उचलला. दरम्यान १९६५ मध्ये टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकादंबरीच्या स्वस्त आवृत्त्या अमेरिकेत निघाल्या आणि महाविद्यालयीन तरुणांनी त्या अक्षरशः डोक्यावर घेतल्या होत्या, हे ध्यानात घेतलेस तर अशा पुस्तकांना त्या वर्षांत एवढी मागणी का आली हेही कळेल.

मार्व्हल या कॉमिक्स-कंपनीकडे वाचकांची पत्रे येत होती, की हॉवर्ड, टारझनचे लेखक बरोज, टोल्किन यांच्या कथा कॉमिक्समध्ये आणा. रॉय थॉमस या तरुण लेखकाने प्रकाशक मार्टिन गुडमन यांना टिपण लिहून परवानगी मिळवली, पण मूळ हक्कदाराला देण्यासाठी मंजूर झाले दर अंकामागे अवघे १५० डॉलर. एवढ्याशा पैशांत कॉनन मिळणार नाही असे वाटून थॉमस आधी लिन कार्टर यांच्या थॉन्गॉर या नायकाच्या मागे लागले. तिकडे अधिक पैशांच्या आशेने घोळ चालू राहिला, तेव्हा त्यांनी हॉवर्ड यांच्या साहित्याचे काम पाहणारे ग्लेन लॉर्ड यांना पत्र घातले, आणि १५० ही रक्कम लिहायची लाज वाटून २०० डॉलर लिहून टाकले. ते पन्नास डॉलर भरून काढायचे म्हणून महागडे चित्रकार जॉन ब्युसेमा बाजूला राहिले आणि बॅरी स्मिथ या स्वस्तात काम करणाऱ्या इंग्रज पोराकडे काम गेले. ऑक्टोबर १९७० ची तारीख असलेला पहिला अंक असा निघाला. ही हकीकत थॉमस यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. ती तुझ्या लेखात यायला हवी असे मी का म्हणतो? कारण 'प्रभाव' हा शब्द ऐकला की आपल्याला काहीतरी वाऱ्यावरून येणारे, सुगंधासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात तो कित्येकदा पन्नास डॉलरांच्या हिशेबातून येतो. स्मिथ यांच्या रेषेतला तो नक्षीदार, जुन्या इंग्रजी पुस्तकचित्रांसारखा बारकावा पुढे अनेकांनी उचलला. ब्युसेमा परवडले असते तर तो तिथे आलाच नसता.

आता ही वाट पुढे कुठे जाते ते पाहा, कारण कॉनन काही सुपरहिरो नव्हे, आणि तुझा विषय सुपरहिरोंचा आहे. १९७२ मध्ये कॉननच्या चौदाव्या आणि पंधराव्या अंकांत मायकेल मूरकॉक या इंग्रज कादंबरीकाराचा नायक एल्रिक पाहुणा म्हणून आला. कथानक स्वतः मूरकॉक आणि जेम्स कॉथॉर्न यांनी पुरवले होते. त्या कथेत कुलान गाथ नावाचा एक मांत्रिक आहे. एल्रिक परक्याचा होता, तो परत गेला; कुलान गाथ मार्व्हलच्या घरात राहिला. १९७९ मध्ये तो स्पायडरमॅनच्या कथेत उगवला: संग्रहालयात ठेवलेल्या एका जुन्या गळ्यातल्यातून तो जागा होतो, आणि त्याच संग्रहालयातली तलवार हाती येताच स्पायडरमॅनची मैत्रीण मेरी जेन हिच्या अंगात कॉननच्या युगातली योद्धा रेड सोन्या संचारते. १९८५ मध्ये एक्स-मेनच्या १९० आणि १९१ या अंकांत तर त्याने सबंध मॅनहॅटनच प्राचीन काळात लोटले. गगनचुंबी इमारतींच्या जागी बुरूज आले, आणि शहरातले लोक, त्यांत नावाजलेले सुपरहिरोसुद्धा, आपण कधी विसाव्या शतकात होतो हे विसरून त्या जुन्या जगातली माणसे म्हणून वावरू लागले. टेक्सासच्या माणसाने कल्पिलेले युग, इंग्रज कादंबरीकाराने रचलेले कथानक, परवान्यावर निघालेले कॉमिक आणि शेवटी न्यूयॉर्कचे सुपरहिरो, अशी ही चार टप्प्यांची वाट आहे आणि प्रत्येक टप्प्याला अंकाचा क्रमांक आहे. तुझ्या बावीस बाणांपेक्षा हा एक बाण मला मोलाचा वाटतो.

रेड सोन्याचेही असेच आहे. हॉवर्ड यांची मूळ सोन्या १९३४ च्या एका ऐतिहासिक कथेत येते. ती १५२९ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात लढते, तिच्याजवळ पिस्तुले आहेत आणि कॉननचा तिचा काही संबंध नाही. थॉमस यांनी १९७३ मध्ये तिला हजारो वर्षे मागे नेऊन कॉननच्या युगात उभी केली. मार्व्हलचा मांत्रिक नायक डॉक्टर स्ट्रेंज याच्या कथांत त्याच सुमारास आलेला शुमा-गोराथ तर निव्वळ नावापुरता हॉवर्ड यांचा आहे: त्यांच्या कल या राजाच्या एका कथेत शुमा-गोराथच्या लोखंडी बांधणीच्या ग्रंथांचा ओझरता उल्लेख आहे, तेवढ्यावरून मार्व्हलने एक अक्राळविक्राळ देवता घडवली. नाव घेतले म्हणजे आशय घेतला असे होत नाही, हा फरक इथे सांगता येईल.

तू विचारशील, की या सगळ्यातून सुपरहिरो कॉमिक्सला नेमके मिळाले काय? तलवारी आणि राक्षस त्यांच्याकडे आधीही होते. माझे उत्तर असे आहे, की त्यांना जमिनीखालचा भूतकाळ मिळाला. साठीच्या दशकातले मार्व्हलचे न्यूयॉर्क हे 'आज'चे शहर होते. तिथे भाडे थकते, बस चुकते, वर्तमानपत्राचा संपादक ओरडतो. हॉवर्ड यांनी कॉननच्या कथा लिहायला घेतल्या त्याच सुमारास आपल्या हायबोरियन युगाचा एक सलग इतिहास निबंधरूपाने स्वतःसाठी लिहून ठेवला होता: ॲटलांटिस बुडाल्यानंतर आणि ज्ञात इतिहास सुरू होण्यापूर्वी कोणती राज्ये उठली, कोणत्या टोळ्या कुठून कुठे सरकल्या. कथेत त्यातले फारच थोडे येते, पण वाचकाला पायाखाली जमीन असल्याची खात्री वाटते. मार्व्हलने कॉनन घेतला तेव्हा ही सगळी जमीनजुमल्याची कागदपत्रे त्याच्याबरोबर आली. संग्रहालयातले गळ्यातले, सर्पमुकुट, सेट नावाचा सर्पदेव, यांमुळे आजच्या शहराच्या तळाशी एक फार जुने शहर आहे असे वाचकाला वाटू लागले. लेखाचा कणा हा असावा असे मला वाटते.

त्या जमिनीबरोबर आलेला कचराही दाखवायला विसरू नकोस. हॉवर्ड यांची नावे घडवण्याची पद्धत अशी, की खरी नावे किंचित वाकवायची. त्यांच्या नकाशात हिंदुस्थानच्या जागी वेंध्य आहे, हिमालयाच्या जागी हिमेलियन पर्वत आणि त्याच्या अलीकडे अफगुलिस्तान. १९३४ च्या एका दीर्घकथेत वेंध्यची राणी यास्मिना हिला 'देवी' म्हटले आहे, आणि १९७६-७७ मध्ये मार्व्हलच्या कृष्णधवल मासिकातून तीच कथा ब्युसेमा आणि आल्फ्रेडो अल्काला यांच्या चित्रांसह आली. विंध्याद्रीच्या दक्षिणेला बसून ती वाचताना मला हसू आले होते आणि थोडा रागही. पौर्वात्य म्हणजे गूढ, कपटी, मांत्रिक, आणि काळा म्हणजे रानटी, ही त्या काळच्या गोऱ्या अमेरिकेची दृष्टी हॉवर्ड यांच्या लिखाणात उघड आहे आणि कॉमिक्समध्ये ती पुष्कळशी तशीच उतरली. तू हे मसुद्यात एका ओळीत उरकले आहेस. संकोच कसला? लिही.

आता तुझ्या चुका. मूरकॉक यांच्या बहुविश्वाच्या कल्पनेवरून मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी हिने आपली समांतर विश्वे रचली, असे तू ठामपणे लिहिले आहेस. तारखा काढून पाहा. गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेला, डीसीच्या फ्लॅश या सुपरहिरोचा १२३ वा अंक, ज्यात एका पृथ्वीवरचा फ्लॅश दुसऱ्या पृथ्वीवरच्या जुन्या फ्लॅशला भेटतो, तो सप्टेंबर १९६१ चा आहे. मूरकॉक यांनी आपल्या कथेत 'मल्टिव्हर्स' हा शब्द आणला तो त्यानंतर, १९६२ मध्ये. आणि त्या काळी अमेरिकी कॉमिक्सवर छापलेला महिना हा अंक विक्रीला येण्याच्या दोन-तीन महिने पुढचा असे, म्हणजे अंतर आणखीच वाढते. पुढच्या काळात तो शब्द कॉमिक्सवाल्यांच्या तोंडी बसण्यात मूरकॉक यांचा हात किती, हा वेगळा आणि चांगला प्रश्न आहे, पण उगम तिथे नाही. फॉक्स हे गृहस्थ मात्र तू सोडून दिलेस हे नवल. त्यांनी १९५० मध्येच क्रॉम नावाचा, कॉननची उघड नक्कल असलेला रानटी योद्धा कॉमिक्समध्ये आणला होता, आणि १९६९ पासून कोथार या नायकावर तलवार-मंत्राच्या कादंबऱ्याही लिहिल्या. दोन्ही बाजूंना पाय असलेला असा माणूस सापडला की त्याला सोडायचे नसते.

दुसरी चूक माझ्याकडूनही झालेली आहे, म्हणून ती सांगताना जीभ जरा अडखळते. वॉल्टर सायमन्सन यांनी १९८३ पासून मार्व्हलच्या थॉरचे अंक लिहिले आणि काढले. पहिल्याच अंकात अंतराळाच्या कोपऱ्यात कोणीतरी अजस्र आकृती वितळलेल्या धातूवर घण घालताना दिसते आणि पानभर एकच आवाज: 'डूम!' मग महिन्यामागून महिने अंकात कुठेतरी तो घण वाजत राहतो. कोण आहे, काय घडवतो आहे, हे लवकर सांगितले जात नाही. शेवटी तो सुर्तुर हा अग्निदैत्य असल्याचे आणि तलवार घडवत असल्याचे कळते. ही हळूहळू जवळ येणारी आपत्ती पाहून बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मासिकात लिहिले, की हा टोल्किन यांच्या अग्निदैत्याचा वंशज आहे. एका वाचकाने पोस्टकार्डावर चार ओळींत माझी फजिती केली: सुर्तुर हा उत्तर युरोपच्या एड्डा काव्यांतला आहे, सायमन्सन लहानपणापासून त्या पुराणकथांवर वाढलेले, आणि टोल्किन यांनीही गँडाल्फ या जादूगारासकट आपल्या बुटक्यांची नावे त्याच काव्यातून घेतली. दोघी एकाच विहिरीवर पाणी भरतात म्हणून एकीने दुसरीच्या हंड्यातून घेतले असे म्हणता येत नाही. तुझ्या तक्त्यातले टोल्किन यांच्या नावापुढचे पाच बाण मला या जातीचे वाटतात. टोल्किन यांच्या कथांचे हक्क मार्व्हलने कॉननसारखे घेतले नव्हते, त्यामुळे तिथे करारपत्राची वाट नाही. लेखकांच्या मुलाखतींतून कबुली मिळाली तर घे, नाहीतर सोडून दे. एक्स-मेनच्या कथांतल्या इलियानाच्या आत्मतलवारीचे आणि एल्रिकच्या आत्मे पिणाऱ्या तलवारीचेही तेच. साम्य आहे, लक्ष वेधणारे आहे, 'साम्य' म्हणूनच नोंदव.

सुपरमॅनचा बाण मात्र ठेव, आणि तक्त्यात सर्वांत वर ठेव. बरोज यांचा जॉन कार्टर १९१२ मध्ये मंगळावर गेला आणि तिथल्या कमी गुरुत्वाकर्षणामुळे उंच उड्या मारू लागला. जेरी सीगल यांनी त्याचे ऋण मान्य केले आहे. १९३८ चा पहिला सुपरमॅन उडत नाही, उडी मारतो, अष्टमांश मैलाची. त्याच्या बळाचे स्पष्टीकरण द्यायला पहिल्याच पानावर मुंगी आणि नाकतोडा आणून बसवले आहेत. सीगल यांनी गणित उलटे केले, परक्या ग्रहावरचा प्राणी पृथ्वीवर आणला, एवढेच.

आता ज्याविषयी तुझ्या मसुद्यात काहीच नाही, आणि मला जे सर्वांत जास्त सांगायचे आहे, त्याकडे येतो. कादंबरीकडून कॉमिक्सला जे घेता आले नाही, तेही लिही. हॉवर्ड यांच्या १९३४ च्या एका दीर्घकथेत कॉननला बेलिट ही समुद्री चाचांची राणी भेटते आणि कथेच्या शेवटी मरते. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणांच्या मध्ये हॉवर्ड यांनी त्यांच्या एकत्र भटकंतीचा काळ भराभर ओलांडला आहे. थॉमस यांनी त्या फटीत पाय रोवला. बेलिटला त्यांनी १९७६ मध्ये अठ्ठावन्नाव्या अंकात आणले आणि चाळीसहून अधिक अंक, म्हणजे साडेतीन वर्षे, ती फट भरत राहिले. या काळात ज्याने हॉवर्ड वाचले होते त्याला ठाऊक होते, की ही मरणार आहे. कोणत्या नदीवर, कशी, तेही ठाऊक होते. १९७९ च्या शंभराव्या अंकात ती मरते, मूळ कथेत लिहिल्याप्रमाणे. प्रत्येक हसऱ्या चौकटीवर त्या ठरलेल्या मरणाची सावली पडलेली असल्यामुळे मला ते अंक इतर कोणत्याही कॉमिकहून वेगळे वाटतात. पुढच्याच वर्षी एक्स-मेनच्या १३७ व्या अंकात त्यांच्यातली जीन ग्रे मेली. तो अंकही थोर आहे, मी तो वाचून रडलो होतो, आणि १९८६ उजाडता उजाडता ती परत आली. स्पायडरमॅनची, म्हणजे पीटर पार्करची, प्रेयसी ग्वेन स्टेसी १९७३ मध्ये मेली ती मेलेलीच राहिली, हा अपवाद तू माझ्यावर फेकशील. फेक, पण तिच्याभोवतीचा पीटर पार्कर आज किती वर्षांचा आहे तेही सांग. कॉनन थॉमस यांच्या हाताखाली पोरसवदा चोराचा भाडोत्री सैनिक झाला, चाचा झाला, आणि तो एके दिवशी राजा होणार हे वाचकाला आधीच माहीत होते, कारण हॉवर्ड यांनी पहिल्याच कथेत त्याला राजा करून ठेवले होते. नशीब लिहून झालेले असले की पात्राला वय येते. सुपरहिरोचे नशीब लिहून टाकणे कंपनीला परवडत नाही, कारण पुढच्या महिन्यात अंक निघायचा असतो.

उलट दिशेची, म्हणजे कॉमिक्सकडून कादंबरीकडे जाणारी, वाट फार लांबवू नकोस. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज मार्टिन यांचे शाळकरी वयातले पत्र १९६३ मध्ये मार्व्हलच्या फँटास्टिक फोरच्या विसाव्या अंकात छापून आले होते आणि कॉमिक्सचे ऋण ते उघडपणे सांगतात, एवढा एक परिच्छेद पुरे. नाहीतर लेख फाटे फोडत जाईल.

वाचनाचा क्रम असा ठेव: आधी हॉवर्ड यांची 'टॉवर ऑफ द एलिफंट' ही १९३३ ची कथा, मग लगेच कॉननचा चौथा अंक. कथेचे पान डावीकडे, कॉमिकचे पान उजवीकडे उघडे ठेव, आणि हॉवर्ड यांचे वाक्य जिथे चौकटीतल्या मजकुरात उतरले आहे तिथे पेन्सिलीने खूण कर. रत्न चोरायला आलेला कॉनन हत्तीच्या तोंडाच्या, आंधळ्या, छळलेल्या जीवासमोर उभा राहतो आणि शेवटी रिकाम्या हातांनी बाहेर पडतो. तो प्रसंग शब्दांनी किती पेलला आहे आणि स्मिथ यांच्या चित्राने किती, हे मोजून मला कळव. तिथे मला अजून स्वतःचेच मत ठरवता आलेले नाही.

सोबतच्या पाकिटात एक्स-मेनचे ते दोन अंक पाठवतो आहे. फोर्टातल्या फुटपाथवर घेतलेले आहेत. १९१ च्या मधल्या टाचण्या गंजल्या आहेत, तेव्हा पाने पूर्ण उघडू नकोस, आणि झेरॉक्स काढायला कोणाच्या हाती देऊ नकोस. दिवाळीपर्यंत परत आले तरी चालतील. तक्ता दुरुस्त करून त्यांच्याबरोबरच पाठव.

तुझा शुभचिंतक